कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेत शेती कुठंय?

हळदकरी:
परवा फिरत फिरत एक पोस्ट माझ्यापर्यंत आली आणि डोकं फिरलं. लिहिणाऱ्याची ग्रामीण बँकेत स्केल टू (दुसऱ्या श्रेणीचा) कृषी अधिकारी म्हणून निवड झालीय. अभिनंदन. पोटदुखी नाही (थोडी आहे). पण सल्ला बघा: "शेतीच्या प्रश्नांवर वेळ घालवू नका, ते शेवटच्या वीस दिवसांत पीडीएफवरून होतात. शेतकऱ्यांची पोरं इथंच मार खातात, त्यांना वाटतं आपल्याला शेती येते."

खाली दीडशे जणांनी हात जोडलेत. मी नाही जोडणार.

या पदाच्या परीक्षेत एकूण 240 प्रश्न, 200 गुण. त्यात शेतीचे 40 प्रश्न, 40 गुण. कॉम्प्युटरचे 20 गुण आणि इंग्रजी किंवा हिंदीचे 20 गुण मिळून तेवढेच होतात. म्हणजे कृषी अधिकारी निवडताना चार वर्षांच्या कृषी पदवीची किंमत एक्सेलचे शॉर्टकट अधिक इंग्रजी व्याकरण एवढी. आणि त्या 40 मध्ये तरी काय? पायाभूत बियाण्याच्या टॅगचा रंग कोणता, म्हशीचा गाभण काळ किती दिवस, भाताचा खैरा रोग कशाच्या कमतरतेने होतो. पांढरा, 310, जस्त. पाठ आहे माझं. पण हे पाठ असणारा माणूस आमच्या रानात आला तेव्हा काय झालं ते सांगतो.

आमचं गाव वसमतकडचं. वडलांनी ठिबकसाठी कर्ज मागितलं होतं. पाहणीला साहेब आले, नवीन होते, पोरगेलेसे. हळदीच्या रानात उभं राहून त्यांनी विचारलं, "केळीची लागवड कधीची?" वडील आधी हसले, मग घाबरले. म्हणाले, साहेब चेष्टा करतायत की खरंच विचारतायत ते कळंना, म्हणून मी आपला जूनची म्हणलो.

आणखी एक. नोकरी महाराष्ट्राच्या खेड्यात, बोलायचं मराठीत. आणि स्केल टूचा पेपर फक्त हिंदी किंवा इंग्रजीत. क्लार्कला मराठीत देता येतो, आम्हाला नाही. पिकाचं नाव इंग्रजीत वाचून मराठीत आठवायचं, मग हिंदी पर्याय बघून खात्री करायची. 150 मिनिटांत 240 प्रश्न.

शिल्लक_रक्कम:
मी ती पोस्ट लिहिलेली नाही, पण त्याच खुर्चीवर सहा वर्षं बसतोय, म्हणून बोलतो.

तुमच्या साहेबांनी हळदीला केळी म्हटलं, वाईट झालं. त्यानं कर्ज बुडालं का? कर्ज बुडतं कशानं ते सांगतो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आधीच चढलेला असतो आणि फेरफार बघायचा राहतो. एकाच गटावर दोन भाऊ दोन बँकांत जातात. आठ-अ वर क्षेत्र पाच एकर, प्रत्यक्ष वहितीत तीन. हे पकडायला शेतकऱ्याच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही, आकडे आणि कागद वाचता यावे लागतात. परीक्षेत ज्याला रीझनिंग म्हणतात ते हेच.

आणि शेतीचेच प्रश्न हवेत तर राष्ट्रीयीकृत बँकांची एएफओ, म्हणजे कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षा आहे की. मेन्सला 60 प्रश्न, सगळे शेतीचे, 45 मिनिटं. ती का देत नाही?

हळदकरी:
वय 31 आहे. तिकडं खुल्या गटाला 30 ची अट. आणि तिथल्याही प्रिलिम्सला शेतीचा एक प्रश्न नसतो, ते सोयीस्कर विसरलात. ग्रामीण बँकेची 32 पर्यंत आहे, म्हणजे माझी ही शेवटची खेप. कळलं का मी रात्री अडीचला का लिहितोय ते?

पऱ्हाटी:
तुमचं चालू द्या, मला वेगळीच आग लागली आहे.

स्केल टूला संबंधित क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. मी अकोल्याहून बीएस्सी ॲग्री केलं, 8.1 सीजीपीए. खरंखुरं एका शेतकरी उत्पादक कंपनीत अकरा महिने काम केलं, ती बंद पडली. म्हणून मी अपात्र. माझ्या बॅचचे चौघं पात्र. कसे? चौघांकडे कृषी सेवा केंद्राचं दोन वर्षांचं पत्र. त्यातला एक त्या दोन वर्षांत पुण्यात अभ्यासिकेत माझ्या मैत्रिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होता. लेटरहेडवर शिक्का मारून पाहिजे त्या तारखेचं पत्र मिळते. आधी ही पत्रं बंद करा, मग शेतीचे किती गुण ते भांडा.

केंद्रचालक:
मॅडम, सरसकट बोलू नका. माझं दुकान आहे तालुक्याला, सतरा वर्षं. माझ्याकडं दोन बीएस्सी पोरं आहेत. सकाळी साडेआठला शटर उघडतात, हंगामात रात्री दहाला घरी जातात. टॅगचा रंग ते पाठ करत नाहीत, रोज पिशव्या फाडतात त्यामुळं माहिती असतो. प्रमाणितचा निळा, पायाभूतचा पांढरा आणि ट्रुथफुलचा (कंपनीच्या स्वतःच्या हमीवरच्या बियाण्याचा) हिरवा. सोयाबीन उगवलं नाही म्हणून दुकानात येऊन शिव्या घालणाऱ्या माणसाला शांत करणं हा अनुभव नाही तर काय आहे? तुमच्या त्या कंपनीत काय करत होता, एक्सेल?

पऱ्हाटी:
एक्सेलच करत होते. आणि गोदामात तुरीची आर्द्रता मोजत होते. तुमच्या दोन पोरांबद्दल मी बोललेच नाही. न येणाऱ्यांना पत्र दिलं का कधी, एवढंच सांगा.

कोरडवाहू:
ताई, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. दुकानदार पत्र फुकट देत नाही. 2015 च्या नियमानंतर कीटकनाशकाच्या परवान्याला शेतकीची किंवा विज्ञानाची पदवी लागते, नाहीतर वर्षाचा डिप्लोमा. ज्याच्याकडं दोन्ही नाही तो काय करतो? एखाद्या बीएस्सी पोराची पदवी भिंतीवर टांगतो. पोराला वर्षाकाठी काहीतरी रक्कम आणि वर अनुभवाचं पत्र. पोरगा पुण्यात रीझनिंग सोडवतोय आणि त्याची पदवी तालुक्यात कीटकनाशक विकतीय. माझ्या चुलतभावानं केलंय, म्हणून खात्रीनं सांगतो. आता तो बँकेत आहे. लग्नही झालं.

केंद्रचालक:
मी तो डिप्लोमा केलाय. देसी म्हणतात त्याला, कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा, हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा, 48 आठवडे, दर आठवड्याला एक वार दुकान बंद ठेवून. पन्नाशीला आलो होतो, बाकावर बसायला लाज वाटायची. माझ्या भिंतीवर माझंच सर्टिफिकेट आहे. फोटो टाकू का?

कोरडवाहू:
तुम्हाला कोण म्हणलं? अंगावर का घेताय?

केंद्रचालक:
कारण "दुकानदार" म्हणलात. "काही दुकानदार" म्हणायला शाई लागते का?

कोरडवाहू:
बरं. काही. दोन-चार सोडून बाकीचे काही.

पऱ्हाटी:
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही, हे सर्वांनी बघितलं असेल.

केंद्रचालक:
एकदा दिलं. मेव्हण्याला. झालं समाधान? बायकोनं तीन दिवस जेवायला वाढलं नसतं. आणि तो पास पण झाला नाही.

निवृत्त_शाखाधिकारी:
पत्रावरून एवढी धुळवड चालली आहे म्हणून लिहितो. मी मुलाखतींच्या बाजूला बसलेला माणूस आहे. अंतिम यादीत लेखीला 80 आणि मुलाखतीला 20 असं वजन असतं. खोटं पत्र तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. आमच्यातले एक गृहस्थ फक्त विचारायचे, "दुकानात युरियाची गोणी किती किलोची?" पोरगा म्हणे 50. नीमकोटेड युरियाची गोणी 45 ची होऊन वर्षं लोटली होती.

पण माझं खरं दुखणं निराळं आहे. तुम्ही लोक परीक्षेवर भांडताय. आत आल्यावर कृषी अधिकारी शेतात जातोच कुठे? सकाळी विम्याचं टार्गेट, दुपारी खाती आधारला जोडा, संध्याकाळी वसुलीचा अहवाल. त्यात कर्जमाफ्या. 2008 ला पाहिली, 2017 ला पाहिली, 2019 ला पाहिली. प्रत्येक घोषणेच्या आधी सहा महिने भरणारे भरायचे थांबतात. नियमित भरणाऱ्याला 2019 च्या योजनेत 50 हजारांपर्यंत जाहीर झाले, खात्यात पडायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. माझ्याकडचा एक म्हातारा दर महिन्याला येऊन विचारायचा आणि दर वेळी मलाच धीर देऊन जायचा.

कोरडवाहू:
काका, कर्जमाफीवर नको. कर्जमाफी नसती तर माझा बाप नसता. विषय संपला.

निवृत्त_शाखाधिकारी:
बरोबर. मी त्या म्हाताऱ्याबद्दल बोललो, तुमच्या वडिलांबद्दल नाही. त्यांना नमस्कार सांगा.

शिल्लक_रक्कम:
मूळ मुद्द्यावर येऊ का? हळदकरी, एक गणित घालतो. कोचिंगचं नाही, शाखेतलं. शेतकऱ्याची दोन हेक्टर सोयाबीन, दुसरं पीक नाही. जिल्ह्याचा पीककर्ज दर हेक्टरी 60,000 धरा. विम्याचा हप्ता बाजूला ठेवू. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा किती आणि तारण लागेल का? गुगल न करता.

हळदकरी:
सोपं आहे. 1,20,000. त्यावर घरखर्चाचे 10 टक्के, 1,32,000. 2025 च्या जानेवारीपासून 2 लाखांपर्यंत तारण नाही. म्हणजे नाही लागणार. पुढं?

शिल्लक_रक्कम:
पुढं तुम्ही त्या शेतकऱ्याला दोनदा बुडवलंत.

एक, अवजारं आणि शेतीच्या देखभालीचे 20 टक्के विसरलात. 12,000 अधिक 24,000, म्हणजे पहिल्या वर्षाचे 1,56,000. दोन, कार्ड पाच वर्षांचं असतं. दर वर्षी 10 टक्के वाढ धरायची: 1,71,600, मग 1,88,760, मग 2,07,636, पाचव्या वर्षी साधारण 2,28,400. कार्डाची मर्यादा म्हणजे हा पाचव्या वर्षाचा आकडा. तो 2 लाखांच्या वर जातो, म्हणजे तारणाचा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. तुम्ही "तारण नाही" सांगून त्याला घरी पाठवला असता आणि आठवड्यानं परत बोलावून गहाणखत मागितलं असतं. त्यानं गावात जाऊन काय सांगितलं असतं? साहेब पैसे खातोय.

हळद ओळखणाऱ्या साहेबाकडून झालेली ही चूक जास्त महाग आहे.

पऱ्हाटी:
मी पण 1,32,000 च काढले होते. गप्प बसते.

हळदकरी:
ठीक. चुकलं. कानातला कापूस काढून ऐका, एकदाच बोलणार: टक्केवारी आणि डेटा इंटरप्रिटेशन लागतं, मान्य.

पण तुमचं गणित आयबीपीएसच्या (ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) पेपरात येतं का? तिथं येतं, पाच कंपन्यांनी सहा वर्षांत किती पंखे विकले. पंख्यांऐवजी हेच टाका की. पाच गावं, तीन पिकं, प्रत्येकाचा दर, कोणाला किती मर्यादा. गणितही तपासलं जाईल आणि शेतीही. मी काय मागतोय? 40 चे 80 करा असं नाही मागत. उरलेल्या 160 मध्ये थोडी माती येऊ द्या.

शिल्लक_रक्कम:
हे मात्र बरोबर बोललात. पहिल्या पोस्टमध्ये हेच लिहिलं असतं तर मी एवढा वेळ घालवला नसता. पेपर मराठीत पाहिजे हेही मान्य. माझ्या शाखेत "लिएन" शब्द कोणी वापरत नाही, बोजाच म्हणतात.

कोरडवाहू:
साहेब, 1 मे 2025 ला महाराष्ट्र आणि विदर्भ-कोकण या दोन्ही ग्रामीण बँका एक झाल्या. आता बदली कुठंही? सावंतवाडी ते सिरोंचा?

शिल्लक_रक्कम:
विदर्भ-कोकणवाले ते आधीपासून भोगत होते. माझ्या जखमेवर मीठ चोळू नका, यादी यायची आहे.

केंद्रचालक:
एक विचारू? रागावू नका. ते 20 टक्के देखभालीचे सगळ्यांनाच धरायचे असतात का? आमच्या वडलांचं कार्ड तीन वर्षांपूर्वीचं आहे. आत्ता काढून बघितलं. चार एकर, आणि तुम्ही म्हणता तसा हिशोब लावला तर आकडा बसत नाही. कमी आहे.

हळदकरी:
कमी म्हणजे बरोब्बर किती? क्षेत्र, पीक आणि त्या वर्षीचा दर टाका. मी काढतो. सरावही होईल.

शिल्लक_रक्कम:
इथं आकडे टाकू नका, सगळं गाव वाचतंय. मंजुरीपत्र, सातबारा आणि आठ-अ घेऊन शाखेत जा, मर्यादेचा हिशोबाचा कागद मागा, फाइलला लावलेला असतो. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी कोणी तुमच्याकडं मान वर करून बघणार नाही.

केंद्रचालक:
आमचा बाजार सोमवारी. मंगळवारी जातो. दुकानावर पोरं आहेत, खरीखुरी.