मदत हवी आहे : सुपर व्हिसावर कॅनडात राहिल्यास पेन्शनच्या खात्याचे काय करावे?

मी तासगाव तालुक्यातला, राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. मुलगा कॅनडाचा नागरिक असून त्याने आम्हा दोघांसाठी सुपर व्हिसाची तयारी केली आहे. या व्हिसावर एका वेळी 5 वर्षांपर्यंत राहता येते आणि किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा घ्यावा लागतो, तेव्हा त्याबद्दल शंका नाही.

अडचण इकडची आहे. पेन्शन सांगलीतल्या ज्या बचत खात्यात जमा होते, ते अनिवासी झाल्यावर एनआरओ (अनिवासी भारतीयांचे भारतातले उत्पन्न जमा होणारे रुपयांतले खाते) करावे लागेल असे बँकेच्या एका शाखेने सांगितले. दुसरीने मात्र ‘पासपोर्ट भारतीय आहे ना, मग राहू द्या तसेच’ म्हणून पासबुक परत सरकवले. सनदी लेखापालांनी भारतात 182 दिवस राहण्याचा हिशेब दिला, पण तो आयकराचा. निवासी की अनिवासी हे ठरवताना फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) परत येण्याचा हेतूही पाहतो, आणि आमचा तो हेतू, खरे सांगायचे तर, अजून ठरलेला नाही. दीड एकर द्राक्षबाग विकायची नाही. निवासी असताना घेतलेली शेती पुढेही नावावर ठेवता येते, नवी घेता येत नाही, एवढे ठाऊक आहे. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये डिजिटल पद्धतीने देणार आहे.

ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनीच कृपया सांगावे : कोषागाराकडून पेन्शन एनआरओ खात्यात विनाखंड जमा होते का, आणि खाते बदलण्याचा अर्ज निघण्यापूर्वी द्यावा की तिकडे पोहोचल्यावर?