गाडी तापली की बंद पडते, सर्व्हिस सेंटर म्हणतं फॉल्टच नाही

अनुजा_म

पेट्रोल, मॅन्युअल गाडी, ४१ हजार किलोमीटर झालेत. वॉरंटीचे दोन महिने उरलेत. गेल्या चार महिन्यांत चालत्या गाडीचं इंजिन पाच वेळा बंद पडलंय. आधी काही आवाज नाही, झटका नाही. एकदम डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात आणि स्टिअरिंग जड होतं. कडेला घेऊन सेल्फ मारला की तो नुसता फिरतो, इंजिन पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. दर वेळी गाडी पाऊण तासापेक्षा जास्त चाललेली असते; सकाळी थंड असताना हे एकदाही झालेलं नाही.

आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. परवा परत येताना उड्डाणपुलाच्या चढावर बंद पडली. मागून गाड्यांचे हॉर्न, मी हँडब्रेक ओढून बसलेली, आणि मागच्या सीटवरून हाताला पट्टी बांधलेली आई विचारते, "मी उतरू का गं ढकलायला?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

सर्व्हिस सेंटरला चार चकरा झाल्या. आधी फ्युएल फिल्टर बदलला, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, तिसऱ्यांदा बॅटरीचे टर्मिनल काढून घासून बसवले. चौथ्यांदा दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि "प्रॉब्लेम आढळला नाही" म्हणून परत दिली. ॲडव्हायझर म्हणतो, "मॅडम, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतेय." काल चारही जॉब कार्डं काढून वाचली. चारही ठिकाणी तक्रारीच्या रकान्यात "जनरल चेकअप". बंद पडते हा शब्द कुठेच नाही! आता काय करू?

जुना_पाना

ताई, बावीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलीत. एकच विचारतो. बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा काटा हळूहळू उतरतो की एकदम शून्यावर पडतो? आणि सेल्फ फिरत असताना काटा जरा तरी हलतो का?

अनुजा_म

एकदम पडतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये होते, गाडी अजून पुढे सरकत होती आणि काटा शून्यावर. सेल्फ मारताना तो हललेला मला तरी आठवत नाही.

जुना_पाना

मग फ्युएलच्या मागे लागू नका. गाडी गिअरमध्ये, क्लच सोडलेला, म्हणजे चाकंच इंजिनला फिरवत होती. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य, याचा अर्थ फिरणं कॉम्प्युटरला दिसत नाहीये. ते दाखवतो क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. पिस्टन कुठे आहे हेच कळलं नाही की कॉम्प्युटर स्पार्कही बंद करतो आणि पेट्रोलही. हा सेन्सर इंजिनला चिकटूनच बसतो. आतला जोड कमजोर झाला की तापल्यावर सिग्नल तुटतो, गार झाल्यावर परत येतो. म्हणून वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांची ट्रायल मारून तो कधीच सापडायचा नाही. त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, आणि वायरिंगही हलवून बघायला सांगा, तिथेही असंच होतं.

तिसऱ्या वेळी टर्मिनल काढले म्हणालात ना? बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की कॉम्प्युटरमध्ये साठलेले दोषांचे कोड पुसले जातात. आपल्याच हाताने पुरावा घालवला त्यांनी. मला याचा खरंच राग येतो.

सहावा_गिअर

माझ्या गाडीचं वेगळं दुखणं होतं, सेंटरची वागणूक मात्र हीच. मी स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायची जागा) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घेतला. बंद पडली की तिथेच, सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी, कोड वाचायचा आणि फोनवर स्क्रीनशॉट घ्यायचा. क्रँक सेन्सरचा कोड बहुतेक पी ०३३५ येतो. सोबत फ्रीझ फ्रेम बघा. दोष नोंदला त्या क्षणाचं तापमान, वेग, आरपीएम त्यात असतं. बऱ्याच ॲपमध्ये "कोड पुसल्यापासूनचं अंतर" पण दिसतं. माझी गाडी परत आली तेव्हा ते ६ किलोमीटर होतं आणि ॲडव्हायझर सांगत होता की कोड नव्हताच.

जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: "४५ मिनिटं चालल्यावर इंजिन आपोआप बंद पडते, पाचवी वेळ." तसं लिहीपर्यंत किल्ली द्यायची नाही, सहीही करायची नाही. फोनवरचं बोलणं त्याच संध्याकाळी ईमेलवर टाका, कंपनीच्या कस्टमर केअरला सीसी करून.

रस्ता_मोकळा

एवढं कशाला? बाहेरच्या गॅरेजमध्ये सेन्सर बदलून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

जुना_पाना

वॉरंटी असताना नको. उद्या दुसरं काही निघालं तर "बाहेर हात लागलाय" म्हणून मोकळे होतील. आणि मी अंदाज सांगितलाय, तपासल्याशिवाय पार्ट बदलू नये. ताई, त्यांच्या टेक्निशियनला शेजारी बसवा आणि बंद पडेपर्यंत तुम्ही चालवा. आईंना घेऊन मात्र ही गाडी नेऊ नका तोवर. चढावर बंद पडल्यावर ब्रेक हलका करणारं बूस्टर दोन-तीन दाबांपुरतंच साथ देतं.

अनुजा_म

तीन आठवड्यांनी लिहितेय. आईला तेवढे दिवस रिक्षाने नेलं.

दोघांच्या सांगण्याप्रमाणे ईमेल केला, चारही जॉब कार्डांचे फोटो जोडले, आणि टेक्निशियन बरोबर येणार नसेल तर गाडी सोडणार नाही असं लिहिलं. एक तरुण मुलगा आला, स्कॅनर लावून बसला. ५२ व्या मिनिटाला बंद पडली. सेल्फ फिरवला तर स्क्रीनवर आरपीएम शून्य. त्याने बॉनेट उघडलं, खाली हात घालून सेन्सर शोधला आणि माझ्याकडची पाण्याची बाटली मागून घेतली. त्यावर थोडं थोडं गार पाणी सोडलं, वाफ आली. मग म्हणाला, "आता मारा सेल्फ." लगेच चालू! तो स्वतःच माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, मला तुमची गाडी एकदाही दाखवलीच नव्हती."

सेन्सर आणि कपलर वॉरंटीत बदलला. जुना सेन्सर मागून घेतला, तो पिशवीत घालून ठेवलाय. जॉब कार्डवर या वेळी नीट लिहिलंय, बंद पडण्यासकट. परवा मुद्दाम दीड तास चालवली, त्याच पुलावरून दोनदा. काटा जागच्या जागी होता. उद्या आईला घेऊन जाणार आहे.

जुना_पाना काका, आधीच्या चार कार्डांवर "जनरल चेकअप" आहे ते दुरुस्त करून मिळतं का? ॲडव्हायझर म्हणतो सिस्टिममध्ये बदलता येत नाही.

जुना_पाना

जुनं कार्ड नाही बदलत, खरं आहे. मॅनेजरकडून ईमेलवर घ्या की त्या चारही तारखांना तक्रार हीच होती. वॉरंटी संपायच्या आत घ्या.