दुष्काळ, दुर्भिक्ष, उपासमार : 'फॅमिन'साठी नेमका शब्द कोणता?

विचारणा :

गाझा शहर आणि परिसरात 'फॅमिन' असल्याचे आयपीसी या भूकमापनाच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केले. त्या बातमीचा अनुवाद करताना मी 'गाझात दुष्काळ' असे लिहिले खरे, पण ते मनाला पटले नाही. दुष्काळ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आणि तळ गाठलेली विहीर येते. गाझात तर मदतीचे अन्न सीमेवर अडलेले होते. पाऊस न पडणे आणि अन्न न मिळणे यांसाठी मराठीत वेगवेगळे शब्द नाहीत काय?

प्रतिसाद :

शब्द आहेत, आपण ते वापरायचे सोडून दिले आहे. पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण, आणि अन्न न मिळण्याच्या काळाला जुना शब्द आहे दुर्भिक्ष. जेव्हा भिक्षा मिळणे कठीण होते ते दुर्भिक्ष, आणि ती सहज मिळते ते सुभिक्ष. हा शब्द पिकाविषयी किंवा पावसाविषयी काहीच बोलत नाही. दारी आलेल्याच्या झोळीत काही पडते की नाही, एवढेच तो पाहतो.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालचा जो अभ्यास केला, त्याचे सार या शब्दात जणू आधीच होते. त्या वर्षी बंगालमधील तांदळाचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे 5 टक्केच कमी होता आणि 1941 पेक्षा तर 13 टक्के जास्त होता, तरीही अंदाजे 30 लाख माणसे गेली, कारण युद्धखर्चामुळे भाव भडकले, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ थांबला, किनारपट्टीवरच्या होड्या सरकारने काढून घेतल्या आणि शेतमजूर व कोळी यांच्या कमाईत भात परवडेनासा झाला. (जाता जाता : बंगाली माणूस या आपत्तीला 'पंचाशेर मन्वंतर', म्हणजे बंगाली सन 1350 मधील, पन्नासचे मन्वंतर म्हणतो. मराठीत मन्वंतर म्हणजे युगपालट, तिकडे मात्र त्याचा अर्थ अन्नावाचून झालेला संहार.)

दुसरा प्रतिसाद :

दुर्भिक्षाची फोड मान्य आहे, पण दुष्काळाला केवळ पावसाशी बांधणे मला मान्य नाही. तसे असते तर आपण 'ओला दुष्काळ' म्हटलेच नसते. दुष्काळ म्हणजे वाईट काळ, मग तो कोरडा असो वा ओला. 'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीतही पाऊस कोठे नाही. कणगीतले धान्य बारा महिन्यांना पुरत नसताना अधिक मास आला तर खायचे काय, ही तिची चिंता आहे. मराठवाड्यातील वडीलधारी माणसे 'बहात्तरला धान्याचा दुष्काळ होता, आता पाण्याचा आहे' असा भेद आजही सहज करतात.

खरा घोळ सरकारी शब्दांनी घातला आहे. महाराष्ट्राने 1963 मध्ये कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि तेथे टंचाईचा वाचक असा 'स्कॅर्सिटी' हा शब्द घातला. पुढे 'टंचाईसदृश' आणि 'दुष्काळसदृश' ही शब्दरूपे रुळली. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, कारण जमीन महसुलातील सूट, वीजबिलातील सवलत आणि परीक्षा शुल्काची माफी गावाची पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) किती निघाली आणि कागदावर कोणता शब्द उमटला यांवर ठरत आली आहे.

तरीही न्यायाने एक सांगितले पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात राज्यातील धान्याचे उत्पादन कोसळले, पण बंगालची पुनरावृत्ती झाली नाही. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात होती. खडी फोडून आणि पाझर तलावांची माती वाहून माणसांच्या हाती मजुरी आली, तेव्हा बाहेरचे धान्य त्यांच्यापर्यंत पोहोचले. 1977 चा रोजगार हमीचा कायदा याच अनुभवातून झाला. आपल्या भाषेत सांगायचे, तर तेव्हा दुष्काळ होता, दुर्भिक्ष मात्र बव्हंशी टळले.

तिसरा प्रतिसाद :

एक लहानशी पुरवणी. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2024 मध्ये जगात सुमारे 67 कोटी 30 लाख लोक भुकेले होते, आणि अशा आकड्यापुढे 'उपासमार' असे सर्रास लिहिले जाते. तो आकडा दीर्घकाळ अपुरा उष्मांक मिळणाऱ्यांचा आहे; त्यांपैकी पुष्कळ जण रोज जेवतात, पण पुरेसे जेवत नाहीत. त्यांना 'अर्धपोटी' म्हणणे अधिक नेमके ठरेल. कुपोषण हा शब्दही येथे चालणार नाही, कारण पोट भरूनही कुपोषण होऊ शकते.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून :

सर्वांचे आभार. सोमालियातील 2011 च्या संकटाबद्दल आता मी 'अवर्षणानंतरचे दुर्भिक्ष' असे लिहीन, कारण तेथे आधी पाऊस हुकला आणि मग युद्धाने व मदत अडवणाऱ्यांनी माणसे मारली. गाझाच्या बातमीतही 'दुर्भिक्ष' हाच शब्द घेतो; मात्र क्रियापदाची अडचण उरतेच. दुष्काळ 'पडतो', जसा पाऊस पडतो, आणि त्या क्रियापदात तो घडवून आणणाऱ्याला जागाच नसते. म्हणून 'गाझात दुर्भिक्ष पडले' असे न लिहिता 'नाकेबंदीने गाझावर दुर्भिक्ष लादले' असे वाक्य केले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने कोणास हरकत असल्यास कळवावे.