दाताच्या मुळावरची कीड तपासणीत ओळखायची कशी, आणि टक्केवारी कशी काढायची?

आरोग्यसेविका, अमळनेर तालुका
गावात साठीपुढच्या लोकांच्या तोंडाची तपासणी करायची आहे. एक्स-रे नाही, बॅटरी, आरसा आणि प्रोब (दात चाचपायची बारीक सळई) एवढंच साहित्य. आज्यांपैकी बऱ्याच जणी मिश्री लावतात. हिरड्या उतरलेल्या, उघडी पडलेली मुळं तपकिरी-काळी. यातला डाग कोणता आणि कीड कोणती? आणि अहवालात टक्केवारी लिहायची तर भागायचं कशाने?

दंतवैद्य, धुळे
ताई, आधी प्रोबचं बघा. टोकदार प्रोब अजिबात नको. मूळ कीड लागून मऊ झालेलं असेल तर टोक आत घुसतं आणि वाचू शकणारा पृष्ठभाग तुटतो. हिरड्या तपासायचा, गोळीच्या टोकाचा सीपीआय प्रोब घ्या, त्याची गोळी ०.५ मिमीची असते.

दाताच्या मानेशी साचलेला थर ओल्या गॉझने पुसा, मग कोरड्या गॉझने टिपून घ्या. ओल्या मुळावर काही कळत नाही. आता गोळी हलक्या हाताने मुळावरून फिरवा. मिश्रीचा डाग असेल तर रंग कितीही काळा असो, ती सरकत जाते आणि मुळाचा आकार शाबूत असतो. कीड असेल तर जागा मऊ किंवा चामड्यासारखी लागते. गोळी मावेल एवढा खड्डा असेल तर पोकळी म्हणून नोंदवा.

रंगावर निकाल देऊ नका, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. चालू कीड बहुधा पिवळट किंवा फिकट तपकिरी, मऊ आणि हिरडीला लागून असते. थांबलेली कीड काळी, कडक, चकचकीत आणि हिरडीच्या कडेपासून थोडी दूर. म्हणजे जी काळीकुट्ट दिसते तिच्यापेक्षा फिकटच जास्त धोक्याची असू शकते.

आडवं घासून दाताच्या मानेशी पडलेली पाचरीसारखी खाचही कीड म्हणून लिहिली जाते. ती कडक आणि गुळगुळीत असते, तिचा रकाना वेगळा ठेवा.

सामुदायिक दंतशास्त्र, जळगाव
टक्केवारीचं मी सांगतो. दोन आकडे वेगळे काढा. पहिला सोपा: किमान एका मुळावर कीड किंवा तिथलं फिलिंग असलेले लोक भागिले तपासलेले लोक. दुसरा कॅट्झ या संशोधकाचा १९८० सालचा मुळाच्या किडीचा निर्देशांक. त्यात प्रत्येक दाताच्या मुळाच्या चार बाजू धरायच्या: गालाकडची, जिभेकडची आणि शेजारच्या दातांकडच्या दोन. हिरडी उतरून उघडी पडलेली बाजूच मोजायची. उघड्या बाजू ४०, त्यात किडलेल्या ४, भरलेल्या २, तर ६ भागिले ४०, म्हणजे १५ टक्के.

सगळ्या दातांच्या सगळ्या बाजूंनी भागलं की आकडा फसवा कमी येतो. हिरडीखाली झाकलेल्या मुळाला ही कीड सहसा लागत नाही, मग ते भाजकात कशाला? दगडासारखं कडक कीटण (टार्टर) साचलेली बाजू दिसतच नाही, तिला "निरोगी" लिहू नका, "तपासता आली नाही" असं लिहा. खालच्या दाढा नीट बघा, सगळ्यात जास्त कीड तिथेच सापडते. खालच्या पुढच्या दातांवर सगळ्यात कमी.

वयोगट वेगवेगळे द्या. वयाबरोबर हिरडी उतरते, तसं प्रमाण वाढतं. चाळिशीचे आणि सत्तरीचे लोक एकाच आकड्यात घातले तर अहवालाचा उपयोग नाही.

आरोग्यसेविका, अमळनेर तालुका
दोघांचेही आभार. पण मिश्री न लावणाऱ्या, फक्त बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बायांच्या मुळांवरही कीड दिसते. ते कशाने?

दंतवैद्य, धुळे
बहुतेक वेळा लाळ कमी झाल्याने. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. तोंडातला आरसा गालाला चिकटायला लागला की समजा. खात्री हवी असेल तर पाच मिनिटं काही न चघळता लाळ मापाच्या नळीत जमवा. ०.५ मिलीपेक्षा कमी आली, म्हणजे मिनिटाला ०.१ च्या खाली, तर लाळ खरोखर कमी आहे. म्हणून फॉर्मात गोळ्यांचा रकाना हवाच. पण गोळ्या बंद करायला सांगू नका, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं काम.

मूळ लवकर का किडतं तेही बायांना सांगा. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, साधारण ५.५ पीएचला (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढा आंबटपणा जास्त) विरघळू लागतं, मूळ ६.२ ते ६.७ लाच. त्यामुळे दिवसभर थोडा थोडा गोड चहा आणि बिस्किट, किंवा उन्हाळ्यात कोरड्या तोंडाने सारखं सरबत, एवढंही मुळाला पुरतं. गोड जेवणासोबतच घ्यावं, मधे साधं पाणी.

मिश्रीऐवजी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. मऊ लागलेल्या जागा आमच्याकडे पाठवा. लहान असतील तर फ्लोराइड वार्निश किंवा ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून थांबवता येतात. दुसऱ्याने ती जागा कायमची काळी होते, हे लावण्याआधी सांगून संमती घ्यावी लागते. पोकळी असेल तर ग्लास आयनोमर नावाचं दातात भरायचं सिमेंट भरतात.

रात्री आपोआप ठणका, चावताना दुखणं किंवा हिरडीवर पुवाची पुळी असेल तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली असू शकते. अशांना पुढच्या शिबिराची वाट बघायला लावू नका, त्याच आठवड्यात पाठवा.