सल्ला हवा: ब्रह्मकमळाच्या फोटोत मागचं सगळं काळं कसं आणायचं?

बाल्कनीतली_बाग
नमस्कार. आमच्या ब्रह्मकमळाला यंदा ७ कळ्या धरल्यात. त्यातल्या २ परवा रात्री उमलल्या. साडेनऊपासून कॅमेरा घेऊन बसले होते, पण एकही फोटो मनासारखा आला नाही. कॅनन २००डी आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश. मागे समोरच्या इमारतीच्या खिडक्या, आमची जाळी, दोरीवरचे कपडे, सगळं दिसतं. फूल पांढरंफटक पडतं, पाकळ्यांच्या शिरा दिसत नाहीत. मागे काळी ओढणी धरली, तर ती चुण्यांसकट राखाडी आली. उरलेल्या कळ्या दोन-तीन दिवसांत उमलतील. नवी लेन्स नको. हजारभर रुपयांत काही होत असेल तर सांगा.

मळवाट
मीटरभर काळी मखमल आणा. काळा कार्डपेपर घेऊ नका, फ्लॅशमध्ये चमकतो.

सह्यफिरस्ता
मखमल चांगलीच, पण ओढणी राखाडी का आली ते आधी पाहू. ती फुलाच्या वीतभर मागे असणार, म्हणजे फुलावर पडला जवळपास तेवढाच उजेड तिच्यावरही पडला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. दिवा फुलापासून २० सेंमीवर आणि मागची भिंत दिव्यापासून २ मीटरवर असेल, तर भिंतीला शंभरावा हिस्साच मिळतो. सुमारे साडेसहा स्टॉपचा फरक (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तेवढ्यात पांढरी भिंतसुद्धा काळी पडते.

समोरच्या खिडक्यांचं मात्र वेगळं आहे. त्या स्वतःच्या दिव्याने उजळलेल्या, त्यांना तुमच्या फ्लॅशशी देणंघेणं नाही. त्या विझतात शटरने. मॅन्युअलवर जा, आयएसओ १००, एफ/११, शटर १/२००. याहून वेगवान शटर तुमच्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला चालत नाही. आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. पूर्ण काळा आला पाहिजे. खिडकी दिसलीच तर लेन्सचं छिद्र आणखी लहान करा, म्हणजे एफचा आकडा वाढवा. मगच फ्लॅश उघडा.

फूल पांढरंफटक पडतं, कारण चौकटीत काळंच जास्त आहे आणि ऑटोला वाटतं उजेड कमी पडतोय. फ्लॅश एक स्टॉप कमी करा, लागल्यास आणखी. स्क्रीनवर फूल थोडं मंद वाटलं तरी चालेल. जळालेली पाकळी नंतर परत आणता येत नाही.

जाळी आणि कपडे जवळ आहेत, ते यातून सुटणार नाहीत. कपडे काढा, कुंडी वळवा आणि मखमल फुलामागे निदान तीन फुटांवर टांगा.

रातराणी
माझं मत थोडं वेगळं. समोरून मारलेल्या फ्लॅशने ब्रह्मकमळ सपाट दिसतं. घरातले दिवे घालवा, कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि एलईडी टॉर्चवर ट्रेसिंग पेपर लावून बाजूने, हातभर अंतरावरून उजेड टाका. झोत मागे जाऊ देऊ नका. टॉर्च जितकी जवळ, तितका शटर वेगवान ठेवता येतो आणि मागच्या खिडक्या तितक्या विझतात. वाऱ्याने देठ हलतो, म्हणून फांदी काठीला सैलसर बांधा.

सह्यफिरस्ता
बाजूच्या उजेडाचं पटलं. आधी तेच करून पाहा.

अंगणवेल
फोनवर काढणाऱ्यांसाठी: नाईट मोड बंद करा. अंधार उजळणं हेच त्याचं काम आहे. फुलावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी खाली ओढा.

पठारवारा
ब्रह्मकमळ रात्रीचंच, त्याला काळोख शोभतो. पण कासच्या पठारावर लोक सोनकीच्या मागे काळे पुठ्ठे रोवताना पाहिलेत आणि त्यांच्या गुडघ्यांखाली सीतेची आसवं ही इवली फुलं चिरडलेली. जीव तुटतो. फूल उन्हात आणि मागे झाडाची गडद सावली, असा कोन शोधा आणि स्पॉट मीटरिंगने फुलावरचा उजेड मोजा. मागचं आपोआप काळवंडतं. कापड लागत नाही, गवतात शिरावं लागत नाही.

बाल्कनीतली_बाग
काल ३ उमलल्या! मखमल लक्ष्मी रोडवरून आणली. कुंडी जड, ह्यांनी आणि मी पोत्यावरून ओढत वळवली. टॉर्च डावीकडून धरली आणि पहिल्यांदाच पाकळ्यांच्या कडा वेगवेगळ्या दिसल्या, बाहेरच्या अरुंद पाकळ्यांची तांबूस छटासुद्धा. फ्लॅशचेही काढले. मागचं पूर्ण काळं आलं, पण टॉर्चचे जास्त आवडले. मखमलीवरचे धागे मात्र पांढरे ठिपके होऊन चमकले. उरलेल्या दोघींसाठी मागून उजेड टाकावा म्हणते.

रातराणी
धाग्यांसाठी चिकटपट्टी उलटी धरून मखमलीवर फिरवा. मागून उजेड टाकाल तेव्हा टॉर्च फुलाच्या थोडी वर, चौकटीबाहेर धरा आणि लेन्सच्या बाजूला पुठ्ठ्याची आड लावा. थेट किरण लेन्समध्ये शिरला तर सगळा काळोख धुरकट होईल.

बाल्कनीतली_बाग
पुठ्ठा कापून ठेवला. एक कळी आज फुगलेली दिसतेय, नऊला बसते.