चिनी कांस्याचे पट्ट्याचे आकडे: एवढ्याशा तुकड्यात लोकांना काय दिसतं?

उगाच_भटक्या
मंडळी, कामानिमित्त सहा महिने शिआनला होतो, रविवारी काही उद्योग नसायचा म्हणून म्युझियमं पालथी घातली. मातीची फौज सगळेच बघतात, मीपण बघितली, पण खरं खिळवून ठेवलं ते कडेच्या कपाटातल्या बारक्यासारक्या कांस्याच्या वस्तूंनी. पट्ट्याचे आकडे (मटक्याचे नव्हे, अडकवायचे), लगामावरची बटणं, वाघाने शेळीची मान धरलीये अशी कमरपट्ट्यावरची पट्टी. एक आकडा जेमतेम करंगळीएवढा, एका टोकाला बदकासारखं कायतरी मान मागे वळवून बघतंय आणि ती वळलेली मान म्हणजेच हुक! पंधरा मिनिटं तिथेच उभा होतो, मागची बाई शेवटी खाकरली.

मग व्हायचं तेच झालं. बीजिंगला एका रविवारच्या बाजारात तसाच एक ३०० युआनला घेतला, विकणारा म्हणाला हान राजवटीचा आहे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं जुना. आता ३०० युआनला हान कोण देतो हे मलाही कळतं, पण मन मानेना. तर प्रश्न असा की, जगभरचे लोक हे छोटे तुकडे एवढे जीव टाकून का जमवतात? आणि खरं-खोटं ओळखतात कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनंपानं
बदकाच्या मानेवर जीव जडला म्हणजे तुमचं काम झालंय :)

कारण सोपं आहे हो. शांग-चौ या चीनच्या अगदी जुन्या राजवटींच्या काळातली ती मोठाली तीन पायांची भांडी राजाची, पूर्वजांच्या पूजेची, त्यांच्यापुढे आपण हात बांधून उभे राहतो. आकडा मात्र कुणाच्यातरी पोटावर रोज होता. मागे एक बटण असतं ते पट्ट्याच्या एका टोकाच्या भोकात, आणि पुढचं डोकं दुसऱ्या टोकात अडकवायचं, बस. उठता बसता अंगठा लागून लागून डोक्याची कड गुळगुळीत झालेली असते, ते हातात घेतल्यावर जे वाटतं ते फोटोत नाही येत.

आणि या आकड्याने इतिहासही घडवलाय. इ.स.पू. ६८५ ची गोष्ट, छी राज्याच्या गादीसाठी दोन भावांची शर्यत लागलेली, एकाच्या बाजूच्या गुआन चोंगने दुसऱ्यावर म्हणजे शियाओबाईवर बाण सोडला, तो नेमका पट्ट्याच्या आकड्यावर बसला. पठ्ठ्या मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला आणि मग आधी पोचून गादीवर बसला, तोच ड्यूक हुआन. पुढे त्याने त्याच गुआन चोंगला प्रधान केला.

युद्धखोर राज्यांच्या काळात (इ.स.पू. ४७५ ते २२१) तर या आकड्यांवर नुसती चढाओढ होती, सोन्याचांदीची तार ठोकून बसवलेली, फिरोजा, काचेचे मणी, पाऱ्यातून चढवलेला सोन्याचा मुलामा, काही म्हणून विचारू नका. हूबेईत १९६५ साली ज्या कबरीत युए राज्याच्या राजा गोउच्येनची ती प्रसिद्ध तलवार मिळाली, त्याच कबरीतून ४६ सेंटीमीटरचा लोखंडी आकडा निघाला, सोन्याचांदीने मढवलेला. अर्धा मीटर लांब आकडा पोटावर लावून माणूस वाकत कसा असेल हा माझा कायमचा प्रश्न.

घोडेस्वार_९
इ.स.पू. ३०७ ला चाओ राज्याच्या राजा वूलिंगने सैन्याला उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांचे कपडे आणि घोड्यावरून तिरंदाजी सक्तीची केली, तेव्हापासून हे आकडे चीनमधे आले ना? असंच वाचलं होतं.

जुनंपानं
नाही, ते सोपं करून सांगतात. वूलिंगच्या आधीच्या कबरींतूनही आकडे निघालेत आणि शान्शीतल्या होउमाला चिन (Jin) राज्याच्या ओतशाळेत मातीच्या साच्यांचे ढीगच्या ढीग सापडलेत, त्यात आकड्यांचेही साचे आहेत. वूलिंगमुळे झगे जाऊन पायजमे आले असं म्हणा फारतर.

कळकट_तांब्या
खऱ्या-खोट्याचं मी बोलतो, धातूच्या लॅबमधे आयुष्य गेलंय.

पहिलं म्हणजे पुढची बाजू बघूच नका. नकली करणारा सगळा जीव पुढे ओततो. उलटा करा. भटक्या टोळ्यांच्या काही कांस्याच्या पट्ट्यांच्या मागे चक्क कापडाची वीण उमटलेली दिसते, ताणाबाणा मोजता येईल इतकी स्वच्छ. मेणाचा पातळ पत्रा मोडू नये म्हणून त्याला मागून कापड लावायचे, ओतताना मेणासकट कापडही जळायचं आणि त्याची वीण धातूत राहायची. दोन हजार वर्षांपूर्वीचं फडकं, जळून गेलेलं, तरी दिसतंय.

दुसरं, कळंक. आपण भांडं कळकलं म्हणतो तोच प्रकार, फक्त शतकानुशतकं जमिनीत चाललेला. खरा कळंक धातूच्या आतून येतो, धातूला लागून लालसर थर, त्यावर हिरवा, कुठे कुठे निळा. खोटा म्हणजे हिरवी पूड गोंदात कालवून लावलेली. कापसावर ॲसिटोन घ्या आणि कोपऱ्यात घासा, कापूस हिरवा झाला तर विषय संपला. नाही झाला तरी विषय संपत नाही बरं का, ॲसिडने आणलेला हिरवा असा निघत नाही.

मग लोक विचारतात थर्मोल्युमिनेसन्स (वय काढायची चाचणी) करू का. अहो ती टेस्ट भाजलेल्या मातीची असते. मोठ्या भांड्याच्या पायात ओतताना घातलेली माती राहिलेली असते, ती तपासतात. करंगळीएवढा भरीव आकडा, त्यात माती आणायची कुठून? म्हणून तर नकली वाल्यांचं छोट्या वस्तूंवर एवढं प्रेम.

काही पट्ट्या चांदीसारख्या पांढऱ्या दिसतात ती चांदी नव्हे, कथील. कल्हईच म्हणा ना! ते खरवडून "साफ" करणारे महाभाग पाहिलेत मी.

आणि खरा तुकडा हाती आलाच तर फिकट पोपटी पूड धरतेय का बघत रहा. क्लोराइडचा रोग असतो तो, दमट हवेत आतून पोखरत जातो. ठेवायची जागा कोरडी हवी, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली.

वाखू_साठवली
+१, कापडाच्या विणीसाठी धागा वाखूत (वाचनखुणांत) टाकला.

गवताळ
सगळं छान चाललंय पण एक खोडा घालतो. वाघ-शेळीच्या त्या पट्ट्या "चिनी" म्हणायच्या का? पीत नदीच्या वळणातला ऑर्डोस प्रदेश, शिओंगनू वगैरे घोड्यावरच्या लोकांची ही शैली. असं म्हणून मोकळं व्हावं तर १९९९ ला शिआनच्याच उत्तर भागात एका ओतारी कारागिराची कबर सापडली, छिन (Qin) राज्याच्या काळातली, आणि त्याच्यासोबत भटक्यांच्या शैलीतल्या पट्ट्यांचे मातीचे नमुने! म्हणजे शहरात बसून गवताळ प्रदेशासाठी माल काढत होता. ऑर्डोसमधल्याच शीगोउपानच्या कबरीतल्या सोन्याच्या पट्ट्यांच्या मागे तर चिनी अक्षरात वजन कोरलंय. घालणारा भटका, बनवणारा चिनी, पाहिजे ते लेबल लावा.

हे कळलं कशामुळे? कबर नीट खणली म्हणून. १९२०-३० च्या दशकात बीजिंगच्या दुकानांतून असल्या पट्ट्या ढिगाने पॅरिसला, अमेरिकेला गेल्या, सी. टी. लू सारख्या व्यापाऱ्यांनी संग्रह उभे केले, आणि कुठल्या कबरीतून, कुणाच्या कमरेवरून, काही नोंद नाही. "ऑर्डोस" हे प्रदेशाचं नाव न राहता मालाचं नाव झालं. देखणे तुकडे आहेत पण मुके. जमवणाऱ्यांना हे बोललेलं आवडत नाही, मलाही पूर्वी आवडायचं नाही.

आणि घेणार असाल तर कागद आधी, वस्तू मग. चीनमधे जमिनीखाली निघालेलं सगळं सरकारचं. अमेरिकेनेही जानेवारी २००९ च्या करारानंतर तांग राजवटीच्या अखेरपर्यंतच्या, म्हणजे ९०७ पर्यंतच्या चिनी पुरातत्त्वीय वस्तू कागदांशिवाय आणायला बंदी केलीये.

उगाच_भटक्या
सगळ्यांचे आभार, रात्री दीड वाजता बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन बसलो होतो (ॲसिटोनवालं, लेबल वाचून घेतलं). कापूस हिरवागार. उलटा केला तर मागच्या बटणाभोवती ग्राइंडरच्या सरळ समांतर रेघा आणि खाली लख्ख पिवळं पितळ, कांसंसुद्धा नाही!

@गवताळ, कागदाचा प्रश्नच मिटला, याची जन्मतारीख बहुतेक माझ्या मुलाच्या नंतरची आहे.

बदकाची मान मात्र ज्याने कोणी वळवली त्याने मन लावून वळवलीये. दाराशी खिळा ठोकून किल्ल्या अडकवल्यात.