मदत हवी आहे: कर्क्युमिनचे स्वच्छ द्रावण पाण्यात मिसळताच गढूळ होते

नमस्कार. मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असून हळदीतील कर्क्युमिनचे पोटात घेण्याजोगे थेंब तयार करणे हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सामू वाढवला तर ते विरघळते खरे, पण टिकत नाही, सामू ७.२ असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंश सेल्सिअसला त्याचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. म्हणून तो मार्ग सोडून मी इथेनॉल, पीईजी ४०० (द्रवरूप पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि पाणी यांचे मिश्रण घेतले असून त्यात इथेनॉल व पीईजी हे दोन्ही सहविद्रावक (पाण्यात मिसळून औषध विरघळवण्यास मदत करणारे द्रव) मिळून ६० टक्के आहेत.

बाटलीत द्रावण स्वच्छ राहते. मात्र जठररसाप्रमाणे सामू १.२ ठेवलेल्या माध्यमात ते दहापट विरल केले, की थोड्याच वेळात गढूळ होऊन तळाशी पिवळा साका बसतो. औषध रुग्णाला द्यायचे असल्याने इथेनॉल आणखी वाढवण्याची माझी इच्छा नाही.

विद्राव्यता मोजताना जास्तीचे कर्क्युमिन अंबर कुपीत घालून २५ अंशांना २४ तास हलवते, नायलॉनच्या गाळणीतून गाळते आणि ४२५ नॅनोमीटरला शोषण मोजते. साका टाळण्यासाठी पीईजी वाढवावे, की एचपीएमसीसारखा (सेल्युलोजपासून बनवलेला) पॉलिमर घालावा? माझ्या मोजणीच्या पद्धतीत काही उणीव दिसते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपल्याला जे दिसते आहे ते सहविद्रावकांच्या स्वभावातच आहे. औषधनिर्माणशास्त्रज्ञ याल्कोव्स्की यांच्या लॉग-रेषीय समीकरणानुसार सहविद्रावकाचे प्रमाण समान टप्प्यांनी वाढते तेव्हा विद्राव्यता पटीत वाढते, आणि विरल करताना ती पटीतच घसरते. दर १० टक्क्यांना ती तिप्पट होते असे धरले, तर ६० टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर येताना विद्राव्यता सुमारे ३७५ पटींनी कमी होईल. कर्क्युमिनची संहती मात्र फक्त दहापट कमी झालेली असेल. त्यामुळे पीईजी वाढवून त्यात कर्क्युमिनही वाढवले, तर साका उलट जास्तच बसेल.

माझ्या मते आधी मात्रा कमी करावी आणि एचपीएमसी किंवा पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा आणखी एक पॉलिमर) विरल करण्याच्या माध्यमात घालून पाहावे. हे पॉलिमर विद्राव्यता फारशी वाढवत नाहीत, पण स्फटिक बनण्याचा वेग कमी करतात, आणि औषध शोषले जाईपर्यंत तेवढा अवधी अनेकदा पुरतो. एवढ्याने भागले नाही, तर हायड्रॉक्सिप्रॉपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनचा (औषधाचा रेणू आपल्या पोकळीत सामावून घेणाऱ्या कड्यासारख्या शर्करा-रेणूचा) विचार करावा. त्याच्याशी एकास एक प्रमाणात संकुल बनत असेल, तर विद्राव्यता सरळ रेषेत वाढते आणि विरल करतानाही रेषेतच उतरते, म्हणून हा तिढा बराच सैल होतो.

मोजणीबाबत सांगायचे, तर नायलॉन अशी संयुगे शोषून घेऊ शकतो. तोच नमुना अपकेंद्रण करून (वेगाने फिरवून न विरघळलेला भाग तळाशी बसवून) मोजा आणि गाळलेल्या नमुन्याशी ताडून पाहा. फरक आढळल्यास पीटीएफई (टेफ्लॉन) गाळणी वापरून सुरुवातीचा गाळलेला भाग टाकून द्यावा. २४ तास पुरेसे आहेत हे गृहीत न धरता ४८ आणि ७२ तासांचे आकडेही घ्यावेत. बाजारातील ‘कर्क्युमिन’ भुकटीत डेमिथॉक्सी-कर्क्युमिन आणि बिसडेमिथॉक्सी-कर्क्युमिन हे रचनेने जवळचे दोन भाऊबंदही असतात आणि ४२५ नॅनोमीटरला तिघांची मोजणी एकत्रच होते, तेव्हा प्रबंधातील अंतिम आकडे एचपीएलसीवरच (घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीनेच) काढावेत.

गढूळपणा मिनिटभरात दिसतो की अर्ध्या तासाने, आणि कर्क्युमिनची मात्रा प्रति मिलिलिटर किती आहे, हे कळवल्यास पॉलिमर किती घ्यावा याबद्दल अधिक नेमके लिहिता येईल.